ढाळमास्तरांचा डावा हात

ढाळमास्तरांचा डावा हात मातीचा आणि उजवा शाईचा. आमच्या सदर भागातल्या नकाशा-कचेरीत बाकीचे हात धुऊनच टेबलाला बसत. मास्तरांच्या डाव्या नखांत काळी माती कायमची. पण उजव्या हाताने ओढलेल्या रेघेवर कधी डाग पडलेला मी पाहिला नाही.

रस्ता पुलाला भिडतो तिथे मातीचा उंच भराव असतो. त्याचे ढाळ पुलाच्या टोकाच्या भिंतीला वळसा घालून नाल्याकडे उतरतात. तो वळसा मास्तर आधी बनवून पाहत, मग काढत. जागेवरची माती पिशवीतून आणवायची, जर्मनच्या परातीत भिजवायची, भिंत म्हणून विटेचा तुकडा उभा करायचा, बोटांनी ढाळ चोपायचा आणि मग मगाने पाणी सोडायचं. "कागदाले पाणी लागत नाई गा," ते म्हणत, "मातीले लागते." कोणी टोमणा मारी, "मास्तर, आज भाकर का पिठलं?" मान वर न करता उत्तर येई, "पयले तुमचा पूल शिजू द्या!"

मी गिरणी कामगाराचा मुलगा, घरातला पहिला पदवीधर. त्याचा मला अभिमान होता, आजही आहे. इंजिनिअर म्हणून रुजू झालो तेव्हा साहेबांनी खुर्ची दाखवली; नकाशा वाचायला शिकवलं ते मास्तरांनी. चारचौघांत मी त्यांचा 'साहेब', एकट्यात 'बाबू'.

ऐंशी सालानंतर गावातल्या इंजिनिअरिंग कॉलेजात संगणक आला. दर तीस मीटरला भरावाचा आडवा छेद काढून देणारा प्रोग्राम मी तिथे जाऊन लिहिला. पहिलाच पूल तिरप्या नाल्यावरचा निघाला. मास्तरांनी परात मांडली, पाणी सोडलं आणि मला हाक मारली.

"बाबू, हे पाह्य. या कोपऱ्यात ढाळाचा पायथा पाण्यात उतरून राहिला."

"मी सगळे छेद तपासलेत, मास्तर."

"तुह्ये छेद रस्त्याले काटकोनात. पाणी काटकोनात येते काय? भिंत मांगं घे."

"मशीन चुकत नाही. तुम्ही फक्त शाई फिरवा."

त्यांनी भिंत न हलवता नकाशा काढला, खाली सही केली.

दुसऱ्या पावसाळ्यात नेमका तोच कोपरा पाण्याने खाल्ला आणि वरचा रस्ता खचला. जीव कोणाचा गेला नाही, पण चौकशी बसली. माझे छेद बरोबरच होते. वळसा त्यांत नव्हताच. तो मास्तरांच्या रेघेत होता.

"ही रेघ कोणाची?" चौकशी अधिकाऱ्याने विचारलं.

"माही," मास्तर म्हणाले.

मी शेजारीच बसलो होतो. 'यांनी मला आधीच सांगितलं होतं,' एवढं एक वाक्य बोलायचं होतं. बोललो नाही.

निवृत्तीला आठ महिने उरलेले असताना मास्तर निलंबित झाले. निरोप नाही, हार नाही. मी महाल भागातल्या त्यांच्या घरी गेलो. म्हटलं, "मास्तर, मी खरं काय ते लिहून देतो."

"काहून? माह्ये आठ महिने गेले, तुह्ये तीस वर्षं जातीन. अन् तुह्या वस्तीतल्या दुसऱ्या पोराले मंग कचेरीत कोण घुसू देईन?" मग आत वळून म्हणाले, "चहा ठेव वं, साहेब आले."

साहेब. आम्ही दोघंच बसलो होतो तरी. मी चहा प्यायलो. सायकल गल्लीबाहेर काढली तेव्हा मला हलकं वाटलं, हे लिहायला लाज वाटते.

पुढे मी पुष्कळ पूल केले. तिरपा नाला आला की भिंत मागे घेतली. लोक माझा अनुभव वाखाणत.

निलंबनानंतर दोनच वर्षांनी मास्तर गेले. स्मशानघाटावर कचेरीतले आम्ही चौघेच होतो. आमच्यातल्या एका नव्या माणसाने हळूच विचारलं, "पूल खचला होता तो यांच्याच चुकीनं ना, साहेब?"

मास्तरांचा मुलगा हातभर अंतरावर उभा होता. त्याने वळून माझ्याकडे पाहिलं.

मी "हो" म्हणालो.