अर्ध्या दाढीवरची पालकसभा

आमच्या संस्थेत महिना संपला की रिपोर्ट लिहावा लागतो. किती बैठका, किती मुली, किती पालक, सगळ्यांचे रकाने ठरलेले. पण खरी मजा कुठल्याच रकान्यात बसत नाही! ती चहाच्या वेळी बाहेर निघते. पोरंसोरं, तरुण मुली आणि त्यांची घरं, यांच्यात मला अकरा वर्षं झाली. म्हणजे किश्श्यांचा साठा किती असेल बघा!

*

नोकरीचा पहिलाच आठवडा. अमरावतीहून एमएसडब्ल्यू करून ताजी ताजी बाहेर पडलेली मी, तोंडात मोठमोठे शब्द. हिवरखेडला बायकांची बैठक होती. मी उभी राहून म्हणाले, "आम्ही कुटुंबांच्या सक्षमीकरणासाठी आलो आहोत."

पुढे बसलेल्या एका आजीनं विचारलं, "त्याची गोळी असते का सुई?"

"नाही हो आजी. मुलांबद्दल, घराबद्दल आपण बसून बोलायचं."

"मंग असं मराठीत सांग ना बाई!"

तेव्हापासून तो शब्द फक्त रिपोर्टात!

*

आमच्या सीनियर छायाताई, अकोल्याच्या. एका गावात पालकसभेला नुसत्या आया यायच्या, बाप एकही नाही. निरोप धाडले, चिठ्ठ्या दिल्या, काही नाही. एका रविवारी सकाळी ताई मला घेऊन थेट गावातल्या सलूनमध्ये शिरल्या! मी दारातच थबकले.

"चाल आत," त्या म्हणाल्या. "अर्ध्या दाढीवरून माणूस पळत नाही!"

खुर्चीत एक जण, बाकावर सहा. फेस लावलेल्या त्या गृहस्थांना ताईंनी विचारलं, "दादा, पोरीशी बोलता का?"

"रोज बोलतो."

"काल काय बोलले?"

 ते आरशात बघत हळूच म्हणाले, "पाणी आण म्हटलं."

 बाकावरचा एक जण पुटपुटला, "मी तं तेही म्हणत नाई. खुणेनंच सांगतो."

त्या दिवशी दोन तास सभा चालली. पुढचे सगळे रविवार तिथेच. महिन्याभरानं सलूनवाला ताईंना हात जोडून म्हणाला, "ताई, तुमी येता तवापासून दाढी झाली तरी गिऱ्हाईक उठत नाई!"

*

आमच्याकडे कुटुंब सल्ला केंद्रही चालतं. परतवाड्याचं एक जोडपं आलं, सोबत तिसरीतली लेक. दोघांची अशी जुंपली की मला मध्ये तोंड घालता येईना. लेक शांतपणे चित्र रंगवत होती. शेवटी तिनं रंगीत खडू खाली ठेवला आणि मला म्हणाली, "मॅडम, यांची जागा बदला. आमच्या बाई असंच करतात."

बदलली! आईबाप दोन टोकांना, लेक मध्ये. दहा मिनिटांनी बाप म्हणाला, "हिले समजते ते आपल्याले काहून समजत नाई?"

*

एका ग्रामपंचायतीत आम्ही मुलांची सभा भरवली. सरपंचांना वाटलं, मुलं बॅट-बॉल मागतील. सातवीतली एक मुलगी उठली. "शाळेच्या रस्त्यावरचा पानठेला हलवा. तिथं माणसं उभी राहतात. आमी चाललो की घाण गाणी म्हणतात."

सरपंच तापले. "कोण असते तिथं? नावं सांग!"

"तुमी असता काका."  मुलीनं घाईनं पुढं म्हटलं, "पण तुमी नाई म्हणत. तुमी नुसते ऐकता."

पानठेला आठवड्याभरात हलला. आणि आतून सरपंचही!

*

आणि ही वैष्णवीची गोष्ट. आमच्या मुलींच्या गटातली, अकरावीला, सोळा वर्षांची. एका दुपारी तिचा फोन आला. "ताई, उद्या मले पाहाले पाहुणे येऊन राहिले."

मी लगेच म्हटलं, "मी निघते. कायदा आहे, तुझ्या बाबांशी बोलते."

"आधी मी बोलतो. फक्त तुमचा फोन चालू ठेवा."

दुसऱ्या दिवशी मी तिच्या गावच्या स्टँडवर फोन हातात धरून बसले. पुढचं तिनंच सांगितलं. पाहुणे आले, पोहे झाले. मुलाच्या आईनं विचारलं, "काही विचारायचं असंन तं विचार बेटा." वैष्णवी मुलाच्या बहिणीकडे वळली. "तू कितवीत?"

"बारावीत."

"म्हणजे माह्यापेक्षा मोठी. तुहं लग्न कवा हाय?"

मुलाची आई पटकन बोलली, "बाप्पा! ते शिकून राहिली अजून!"

 वैष्णवीच्या बाबांनी मान खाली घातली. मुलाचे वडील पाणी प्यायले, उठले आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "भाऊ, हिलेही शिकू द्या."

पुढच्या शनिवारी गटात एक नवी मुलगी दारात उभी. तीच, मुलाची बहीण, साक्षी! मी नाव लिहून घेतलं. विचारलं, "इतक्या लांबून एकटी आलीस?"

"नाई, दादानं गाडीवर आणलं. बाहेर उभा हाय." ती जरा घुटमळली. "तो विचारून राहिला, पोरांसाठी असा गट हाय का?"