पुण्याला गेलेले साहेब

फाटकावर काठी दोनदा वाजली की सहा वाजले समजायचं. मागोमाग साहेबांचा आवाज यायचा, "उठा. चालाल तर चालाल, नाहीतर उचलावं लागंल."

तुमच्याही गल्लीत असं एखादं माणूस असेल. पुंडलिकनगरच्या आमच्या गल्लीत ते होते. मूळचे वैजापूरकडचे, घरची बागायत, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. काठी कुत्र्यांसाठी होती, पण जास्त वापरली गेली ती आमच्या पोटांवर रोखायला. "ह्या पोटाचा सातबारा कुणाच्या नावावर हाय?" असं त्यांनी मला माझ्या सासऱ्यांसमोर विचारलं होतं. त्यांच्या लेखी माणसं दोनच तऱ्हेची, चालणारी आणि लवकरच पडणारी.

समोरच्या जाधवभाऊंना हार्टअटॅक आला तेव्हा साहेब दवाखान्यात भेटायला गेले. भाऊंच्या हाताला सलाईन, उशाशी जाधववहिनी. साहेब म्हणाले, "दहा वर्षं सांगत होतो." एवढं बोलून, लिफ्ट न वापरता, जिन्यानं निघून गेले.

मग एका सकाळी काठी वाजली नाही. पक्षाघात. डावा हात आणि डावा पाय गेला. खोटं कशाला बोलू, गल्लीला वाईट वाटलं. पण दुसऱ्या दिवशी सगळी गल्ली साडेसातपर्यंत झोपली.

पंधरा दिवसांनी काकूंनी, म्हणजे साहेबांच्या बायकोनं, सांगितलं, "ते पुण्याला गेलेत, लेकाकडं." आदल्याच दुपारी ॲम्ब्युलन्समधून उतरवून साहेबांना खुर्चीत बसवून घरात नेताना अर्ध्या गल्लीनं पाहिलं होतं. तरी सगळ्यांनी माना डोलावल्या. बायका मात्र रोज विचारायच्या, "पुण्यात थंडी असंल नाय?" काकू घाम पुसत म्हणायच्या, "लई." मे महिना चालू होता.

घराचे पडदे बंद झाले. रोज अकराला स्कूटीवरून एक फिजिओथेरपीवाली मुलगी यायची, काकूंच्या गुडघ्यांसाठी म्हणे. त्यांची आमची भिंत एक. पलीकडून ऐकू यायचं, "टाच आधी, काका. टाच." मग साहेबांचा आवाज, "मला चालायला शिकवतीस?" आणि थोड्या वेळानं काहीतरी पडायचं.

एकदा ते पडणं मोठं होतं. काकूंनी गच्चीवरून हाक मारली. गेलो तर साहेब पलंग आणि कपाटाच्या मधल्या फटीत बसलेले, आणि काकूंना न् त्या मुलीला काही ते उचलेनात. मला पाहून त्यांनी खालूनच सांगितलं, "कालच आलो पुण्याहून."

"प्रवास बरा झाला?" मी विचारलं.

"बरा झाला."

शेवटी उचलावं लागलं ते कुणाला, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं, आणि त्यांना उचललं.

त्यानंतर मला त्या घरात मुक्त प्रवेश मिळाला. फरशीवर रंगीत चिकटपट्ट्या लावल्या होत्या. एकेक ओलांडत जायचं. हात न टेकता खुर्चीतून दहादा उठायचं. डाव्या पायावर भार देऊन उभं राहायचं. पाऊल लोंबू नये म्हणून बुटात प्लास्टिकची पट्टी. आम्हाला रोजचे पाच किलोमीटर सांगणारा माणूस पलंगापासून न्हाणीघरापर्यंत जाऊन घामाघूम व्हायचा आणि उरलेल्या दमात त्या मुलीला शिव्या द्यायचा. ती शांतपणे म्हणायची, "शिव्या देताना श्वास धरून ठेवू नका."

श्रावणात ती म्हणाली, "घरात झालं. आता रस्ता. खडी, चढ, माणसं."

"रस्त्यावर नाय."

"फरशीवरची सवय रस्त्यावर पुरत नाही, काका. आता थांबलात तर इथंच राहाल."

"लोक बघतील."

"दहा वर्षं आम्ही तुमच्याकडंच बघत होतो," मी म्हणालो. जरा टोचावं म्हणूनच.

"तेच तर," ते म्हणाले आणि त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते. मला माझंच बोलणं नकोसं झालं.

शेवटी वेरूळ ठरलं. तिथं ओळखीचं कोण भेटतंय? साहेब, ती मुलगी आणि मी, माझ्या गाडीतून गेलो. ज्योतिर्लिंगाच्या मंदिराबाहेरच्या मोकळ्या जागेत साहेब चार पायांची काठी घेऊन उभे राहिले. त्यांच्या कमरेचा पट्टा मुलीनं मागून धरला. चाळीस पावलं झाली असतील, तेवढ्यात शेजारी एक टेम्पो थांबला आणि आमच्याच गल्लीचं महिला भजनी मंडळ खाली उतरलं. श्रावणी सोमवार होता. आम्हा तिघा शहाण्यांपैकी एकाच्याही ते ध्यानात आलं नव्हतं.

जाधववहिनी पुढं आल्या. "साहेब, पुण्याहून कवा आलात?"

त्यांचा डावा पाय थरथरायला लागला. मुलगी म्हणाली, "बसू या." साहेब बसले नाहीत.

"गेलोच नव्हतो, वहिनी. घरातच होतो. पडदे लावून."

"ठाऊक हाय. टाच आधी, टाच आधी, आमच्या नातवंडांना पाठ झालंय." मागच्या बायका पदराआड हसल्या. वहिनी हसल्या नाहीत. "ह्यांना सलाईन लावलेली असताना तुम्ही जे बोललात, ते मी इसरले नाय."

"पडल्यापासून रोज तेच आठवतंय," साहेब म्हणाले. "चुकलो मी."

वहिनींनी हात दिला नाही. फक्त मंदिराच्या दारापर्यंत त्यांच्या डाव्या बाजूनं, त्यांच्याच चालीनं चालत गेल्या. मागं सगळं भजनी मंडळ, वरातीसारखं रेंगाळत.

दुसऱ्या दिवसापासून साहेब गल्लीत चालायला लागले. सहाला नाही, आठला, आणि कुणाचं फाटक न वाजवता. कोपरा गाठायला वीस मिनिटं लागायची. डावा पाय अर्धगोल काढूनच पुढं यायचा. तो शेवटपर्यंत तसाच राहिला. आठवडाभरानं जाधवभाऊ त्यांच्याबरोबर निघाले. वहिनींनीच धाडलं असावं. दोघं एकमेकांशी फारसं बोलत नसत. मागं रिक्षावाले हॉर्न वाजवून दमायचे.

असे ते तीन वर्षं चालले. मग एका दुपारी जेवून आडवे झाले, ते उठले नाहीत.

जाधवभाऊ अजून आठला निघतात. त्यांच्या पायांना काही झालेलं नाही. डॉक्टरांनी तर झपझप चालायला सांगितलंय. मी एकदा म्हटलंही, "भाऊ, जरा वेग वाढवा."

"व्हय, वाढवतो," ते म्हणाले. आणि रस्त्याच्या कडेनं, शेजारी एका माणसाची जागा मोकळी सोडून, वीस मिनिटांनी कोपऱ्यावर पोचले.