दुसरा वन्स मोअर

ही हकिगत सांगायचं मी बरीच वर्षं टाळत आलो. गेल्या गणपतीत आमच्या कॉलनीनं मला 'दर्दी रसिक' म्हणून शाल आणि श्रीफळ दिलं. तेव्हा हातात माईक होता, समोर माणसं होती, सांगून टाकायला काही हरकत नव्हती. मी म्हणालो, "सगळी आपली कृपा," आणि खाली बसलो. शाल कपाटात गेली, नारळाच्या वड्या झाल्या. बायको वडी खाता खाता म्हणाली, "ज्याला सा लावता येत नाही त्याला शाल द्यायची, ही पद्धत बरी आहे. नाहीतर गाणाऱ्यांना किती शाली द्याव्या लागल्या असत्या."

साताऱ्यात निवृत्त माणसांचा तुटवडा नाही. निम्मे पलटणीतून आलेले, ते पहाटे किल्ला चढतात. ज्यांचे गुडघे चढू देत नाहीत ते आम्ही. मी पाटबंधाऱ्याच्या कचेरीत कारकून होतो. माझ्या जोडीला एक सुभेदार आणि कारखान्यातून निवृत्त झालेला एक फोरमन. फोरमनकडं व्हॅन होती, सुभेदाराकडं वेळ होता आणि माझ्याकडं मतं होती. आम्हा तिघांना एकच नाद, सांगलीकडचा एक ऑर्केस्ट्रा. त्याचा कार्यक्रम जिथं असेल तिथं आम्ही जायचो. जत्रा, पुढाऱ्याचा वाढदिवस, कुणाची हळद, काहीही. हळदीत कुणी विचारलं, "पाव्हणं कुणीकडचं?" तर सुभेदार "ऑर्केस्ट्राकडचं" म्हणायचा आणि पंगतीत मांडी घालायचा.

गाण्यांबद्दल आम्ही फार बोलत नसू. गाणं काय, कुणीही म्हणेल. आमचा विषय होता क्रम. कुठलं गाणं कुठल्या गाण्यानंतर, याला आम्ही क्रम म्हणायचो आणि त्यातलं आपल्याइतकं कुणाला कळत नाही अशी आमची खात्री होती. परतीच्या वाटेवर व्हॅनमध्ये चिरफाड सुरू व्हायची.

"दुसरं गाणं पडलं आज."

"पडलं न्हाई, पाडलं. नमन झाल्यावर लगेच लावणी घेतात व्हय? लोक अजून खुर्च्या पुसत असतात."

"तुला लावणी उशिराच पाहिजे. तवर तुझी झोप होते."

"गड्या, आमी बॉर्डरवर उभ्यानं झोपलोय. तू मला झोप शिकवू नगं."

शेवटच्या गाण्याला आमच्यात चप्पल-गाणं म्हणत. ते सुरू झालं की लोक पायानं खुर्चीखालच्या चपला चाचपायला लागतात म्हणून. चप्पल-गाणं कुठलं असावं यावर फोरमन आणि सुभेदार एकदा महिनाभर एकमेकांशी बोलले नव्हते. बोलले नव्हते म्हणजे समोर. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर सुभेदार लांबलचक आवाजी निरोप टाकायचा, त्यात मागं कुकरच्या शिट्ट्या ऐकू यायच्या, आणि फोरमन त्याला उत्तर म्हणून नुसता अंगठा पाठवायचा. अंगठा सुभेदाराला सगळ्यांत जास्त लागायचा.

ऑर्केस्ट्राचा मालक कीबोर्ड वाजवायचा. त्याला सगळे मास्तर म्हणत. एकदा धीर करून आम्ही त्याला विचारलं, "मास्तर, क्रम कसा लावता?" मला वाटलं, आता काहीतरी राग, रस, रसिकांची नाडी असं ऐकायला मिळणार. मास्तर पान जुळवत होता. म्हणाला, "जनरेटरवाला नवीन असला तर चांगली गाणी आधी उरकतो, लाइटचा भरवसा न्हाई. निवेदक बोलायला लागला की थांबत न्हाई, म्हणून त्याच्या मागं दणक्याचं गाणं. आणि पाचवं संथ. ऑक्टोपॅडवाल्याला शुगर हाय. तेवढ्यात तो जाऊन येतो."

 परतताना व्हॅनमध्ये फोरमन म्हणाला, "मोठी माणसं खरं कधी सांगत नाहीत." आम्ही माना डोलावल्या.

ते पाचवं गाणं एक बाई म्हणायची. कवठे महांकाळची. तिथं तिचं ब्लाउज शिवायचं आणि साडीला फॉल लावायचं छोटं दुकान होतं. कार्यक्रम असला की शटर ओढून ती एसटीनं सांगलीला यायची. बाकी वेळ ती कोरसमध्ये उभी असायची, कधी कुणाच्या द्वंद्वगीतात अर्धं कडवं मिळायचं. स्वतःचं म्हणावं असं तिचं हे एकच गाणं. जुनं, संथ, ऑक्टोपॅड न लागणारं. कुठलं ते लिहीत नाही. लिहिलं तर वाचणारा ते गुणगुणायला लागेल आणि माझं सांगणं राहून जाईल.

या गाण्याविरुद्ध मी मोहीम उघडली होती. कार्यक्रम तिथं बसतो, असं माझं म्हणणं. ग्रुपवर मी लिहिलं होतं, 'पाचवं गाणं म्हणजे बिर्याणी रंगात आली असताना वाढलेला ताकभात.' त्याला फोरमननं सुद्धा अंगठ्याऐवजी हसरा चेहरा पाठवला. तो चेहरा मी बायकोला दाखवला. ती म्हणाली, "मला ताकभात आवडतो."

आता वन्स मोअरबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिथंच अडलं आहे. आमच्याकडं वन्स मोअर दोन तऱ्हेचा असतो. गाणं संपल्यावर दिला तर तो मान. पहिली ओळ झाल्या झाल्या दिला तर त्याचा अर्थ, पुरे, आता बसा. शाळेच्या गॅदरिंगपासून हे सगळ्यांना ठाऊक असतं. ओरडणाऱ्यालाही आणि ज्याच्यावर ओरडलं जातं त्यालाही.

एका वर्षी ऑर्केस्ट्रा आमच्याच कॉलनीच्या गणपतीत आला. मैदान आमचं, पहिल्या दोन रांगा आमच्या. पाचवं गाणं लागायच्या आत मी दोन्ही रांगांत सांगून ठेवलं. बाईनं पहिली ओळ संपवली आणि मी ओरडलो, "वन्स मोअर." मागून सुभेदार, त्याच्या मागून फोरमन, मग सगळ्या खुर्च्या. हशा, टाळ्या, शिट्ट्या. बाई थांबली. तिनं मास्तरकडं पाहिलं. मास्तरनं खांदे उडवले आणि सुरुवातीचे सूर पुन्हा धरले, कारण ऑक्टोपॅडवाला अजून आला नव्हता.

तिनं गाणं पुन्हा पहिल्यापासून घेतलं. घाई केली नाही, आमच्याकडं पाहिलंही नाही. दुसऱ्या कडव्यात एक साधा शब्द आहे, रोज बोलण्यातला. तो तिनं इतका हळू म्हटला की मागं कुणीतरी शेंगदाण्याचा पुडा सोडत होतं तेवढाच आवाज मैदानात राहिला. मला माझी थोरली बहीण आठवली. का ते सांगता येणार नाही, ती जन्मात कधी गायली नव्हती. लग्न होऊन गेली तेव्हा मी क्रिकेट खेळायला गेलो होतो, एवढंच.

गाणं संपलं. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "वन्स मोअर." ओरडलो नाही. आवाज मध्येच फाटला.

सुभेदारानं माझ्या पाठीत थाप घातली. "काय ॲक्टिंग करतंय रं बेणं." दोन्ही रांगा हसल्या. आणि मीही हसलो. नाटक छान वठलं असा चेहरा करून खाली बसलो. वर स्टेजवर बाईनं माझ्या दिशेनं हात जोडले होते. मी तेही हसण्यावारी नेलं.

मास्तर मात्र धंद्याचा माणूस. साताऱ्यात दोनदा वन्स मोअर मिळाला म्हटल्यावर त्यानं ते गाणं पाचव्यावरून तिसऱ्यावर आणलं. ऑक्टोपॅडवाल्यानं कुरकुर केली असणार. निवेदक आता "साताऱ्याच्या जाणकार रसिकांनी डोक्यावर घेतलेलं" असं म्हणून बाईला पुढं बोलवायला लागला. ती त्यासाठी वेगळी साडी नेसायला लागली, फिकट हिरवी. आम्ही व्हॅनमध्ये पोट धरून हसायचो. म्हणजे ते दोघं हसायचे आणि मी त्यांच्याहून मोठ्यानं.

हिवाळ्यात मेढ्याच्या बाजूला एका जत्रेत कार्यक्रम होता. डोंगरातली थंडी, माणसं कांबळी पांघरून आलेली, अंग गरम व्हावं म्हणून नाचायच्या तयारीत. तिसरं गाणं संथ लागलं आणि पोरांनी शिट्ट्या सुरू केल्या. कमिटीतला एकजण स्टेजच्या कडेला येऊन हातानंच 'गुंडाळा' अशी खूण करत राहिला. बाईनं गाणं पुरं केलं. कुणी टाळी वाजवली नाही. पहिल्या ओळीवरचा वन्स मोअरसुद्धा कुणी दिला नाही. तो द्यायला निदान ऐकावं लागतं.

कार्यक्रमानंतर स्टेजच्या मागं चहा चालला होता. आम्ही तिघं हक्कानं तिथं जायचोच. मास्तर वायर गुंडाळत म्हणाला, "ते गाणं आता बंद. बाई, तुमी कोरसमधीच थांबा."

ती किटलीजवळ उभी होती. म्हणाली, "मास्तर, एका गावात पडलं म्हणून बंद? साताऱ्यात दोनदा मागितलं की लोकांनी."

"साताऱ्याची गोष्ट सोडा."

"का सोडायची? हे काका हुते तिथं. इचारा की त्यांना." मग माझ्याकडं वळून, "आवं काका, सांगा की. उगंच दिला हुता व्हय वन्स मोअर?"

मास्तरनं वायर खाली ठेवली. "बोला काका. तुमी दर्दी माणूस. तुमी ठेवा म्हणाला तर ठेवतो. पाचव्यावर ठेवतो."

आयुष्यभर मी ज्याची वाट पाहिली होती ते हे. क्रम माझ्या हातात होता. आणि मला खोटं बोलायची गरजही नव्हती. दुसरा वन्स मोअर खरा होता, तेवढंच सांगायचं. पण शेजारी सुभेदार होता आणि फोरमन होता. ताकभाताचा शोध माझा होता. दोघंही माझ्या तोंडाकडं बघत होते, आता हा काय सोडतोय म्हणून.

मी म्हणालो, "मास्तर, वन्स मोअर काय, आम्ही चहालाही देतो." आणि रिकामा कप पुढं केला.

मास्तर डोळ्यांत पाणी येईतो हसला. सुभेदार तर तो विनोद पुढं वर्षभर सांगत होता. किटली बाईच्या जवळ होती. तिनं माझा कप भरला, काठोकाठ, आणि माझ्या हातात दिला. "घ्या काका," म्हणाली. मी तो चहा प्यायलो.

पुढचा उन्हाळा यायच्या आत तिनं ऑर्केस्ट्रा सोडला. तिच्या गाण्याच्या जागी नाचाचं गाणं आलं. ऑक्टोपॅडवाला आता निवेदन चालू असताना जातो आणि निवेदन लांबतं, म्हणून मास्तर त्या दोघांवर चिडतो. ग्रुपवर फोरमननं लिहिलं, 'क्रम सुधारला. श्रेय कुणाचं ते सगळ्यांना माहीत आहे.' खाली अंगठेच अंगठे. ते श्रेय वाढत वाढत कॉलनीच्या कमिटीपर्यंत गेलं. ज्यांच्या सल्ल्यानं मोठमोठे ऑर्केस्ट्रा आपला क्रम बदलतात असे आपल्या कॉलनीतले रसिक, असं कमिटीचा निवेदक म्हणाला आणि माझ्या खांद्यावर शाल पडली. त्या शालीचा मूळ हिशेब हा असा आहे.

शाल मिळाल्यावर महिनाभरानं मी कवठे महांकाळला गेलो. नुसतं कसं जायचं म्हणून बायकोची नवी साडी पिशवीत घेतली. बायको म्हणाली, "फॉल लावायला कवठे महांकाळ? साताऱ्यात दोरा संपला का?" मी म्हणालो, तिकडं काम चांगलं होतं. हे मात्र खरं निघालं.

दुकान एसटी स्टँडपासून जवळच होतं. बाई मशीनवर होती. तिनं मला लगेच ओळखलं. "या काका," म्हणून स्टूल पुढं केलं, पंखा माझ्याकडं फिरवला. साडी उलगडून काठ बघत म्हणाली, "साताऱ्यात फॉल लावत न्हाईत व्हय?"

"लावतात की. पण म्हटलं..."

"मास्तर कसं हायत?"

"बरे आहेत."

"आणि ते शुगरवालं?"

"तेही बरे आहेत."

ती फॉलच्या पट्ट्या साडीला लावून रंग जुळवत होती. मान वर न करता बोलली. "तुमच्या मैदानातला पहिला वन्स मोअर चेष्टेचा हुता, ते मला तवाच कळलं हुतं काका. लहानपणापासनं लय बघितल्यात तसलं. दुसरा तसा वाटला न्हवता." मग मान वर केली आणि थांबली. पंख्याखाली साडीचा पदर हलत होता. तिनं मशीनच्या चाकावर हात ठेवला होता, आवाज होऊ नये म्हणून.

मी म्हणालो, "काठाला मॅचिंग लावा."

"व्हय," ती म्हणाली आणि मशीन सुरू केलं.

साडी आणायला पुन्हा जाईन, तेव्हा नक्की बोलेन, असं मी परतीच्या एसटीत पक्कं केलं होतं. पण चार दिवसांनी तिच्या ओळखीचा कुणीतरी साताऱ्याला येत होता, त्याच्या हाती साडी घरपोच आली. टाके इतके बारीक की बायकोनं चष्मा लावून शोधले. "कसला सुरेख लावलाय," ती म्हणाली. "पुन्हा तिलाच देऊया." माझ्याकडं दुसरी साडी नाही आणि धीरही नाही. म्हणून तिथं स्टुलावर बसून जे म्हणायचं होतं, ते इथं लिहितो.

बाई, पहिला वन्स मोअर मी चेष्टेनं दिला. दुसरा मनापासून होता. मेढ्याला तुम्ही विचारलंत तेव्हा तो मी लपवला. माझं चुकलं.