पश्चिमेच्या काचेचे पडदे

सुलोचनाबाईंनी तेहतीस वर्षं रेल्वेच्या क्वार्टरांत संसार केला, आणि एवढ्या वर्षांत भिंतीला कायमचं असं काही लावू दिलं नाही. नवरा, गुलाबराव, सिग्नल मेकॅनिक. आज बांदीकुई, उद्या फुलेरा, परवा जयपूर. दुकानदारानं काहीही दाखवलं की बाईंचा पहिला प्रश्न, काढून नेता येईल का? किंमत वगैरे नंतर. कारण शेवटचा ट्रक लागणार तो गावी, पाचोऱ्याला, सासऱ्यांच्या दोन खोल्यांपुढे, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं.

गुलाबराव रिटायर होऊन चार वर्षं झाली. दिवाळीनंतर जाऊ, नातू शाळेत रुळला की जाऊ, असं करत करत दोघं अजून जयपूरच्या जगतपुऱ्यात, मुलाच्या फ्लॅटमध्येच. मुलानं, संग्रामनं, पश्चिमेची बाल्कनी तीन बाजूंनी काच लावून बंद केली होती, तीच म्हातारा-म्हातारीची खोली. थंडीत झकास. पण मे महिन्यात, अरे देवा! दुपारी दोननंतर तिथं पापड नुसता ठेवला तरी भाजून निघावा. गेल्या आठवड्यात गुलाबरावांना तिथंच चक्कर आली. हृदयाची तक्रार होतीच. डॉक्टर रागावले, आणि सून अश्लेषानं पडदे लावणाऱ्या रणजीतला बोलावलं.

रणजीत बस्सीहून मोटारसायकलवर आला. त्यानं टेप लावली. पाच काचा, पाच मापं, एकाचं दुसऱ्याशी जुळेल तर शपथ. ऊन परतवणारं कापड दोनशे साठ रुपये फूट, नव्वद फुटांचे तेवीस हजार चारशे, शिवाय लावायचे दर पडद्याला साडेतीनशे.

"पंचवीस हजार? पडद्यांना?" बाई कडाडल्या. "एवढ्यात माझ्या पाचोऱ्याच्या छपराचे पत्रे बदलून होतील! और भैया, निकालके दूसरी जगह लगेगा क्या?"

"नहीं माताजी, ये तो इसी काच के माप से कटेगा. दो-चार साल ही रहना हो तो मत लगवाओ, पैसा बेकार जाएगा. बांस की चिक टांग लो, छह-सात हजार में हो जाएगा. साथ ले भी जा सकोगे. पर गर्मी इतनी नहीं रुकेगी."

माणूस खरा निघाला. बाई खूश. "बघा, स्वतः विकणारा असून सांगतोय! चिकच लावू. दिवाळीनंतर गुंडाळली की चाललो."

दिवाणावर बसलेले गुलाबराव हळूच म्हणाले, "कपडेवाले ही लगाओ, भैया. पांच साल की गारंटी वाले."

"पाच वर्षं कशाला? आपण जाणार ना?"

गुलाबराव काचेबाहेर बघू लागले. बाईंनी सुनेकडे पाहिलं. ती मान खाली घालून रणजीतचा नंबर मोबाईलमध्ये घालत होती. एक नंबर घालायला माणसाला केवढा वेळ लागावा! घरात सगळ्यांना काहीतरी ठाऊक होतं, त्यांना एकट्यांना सोडून.

रणजीत गेल्यावर त्यांनी नवऱ्याला गाठलंच.

"खोल्या जनार्दनाला लिहून दिल्या," गुलाबराव म्हणाले. जनार्दन त्यांचा धाकटा भाऊ. "फेब्रुवारीत मी पाचोऱ्याला लग्नाला गेलो होतो ना, तेव्हाच."

"आणि मला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर देऊ दिलं असतंस? अगं, माझं हे असं. तिथं माझं काही बरंवाईट झालं तर तू हट्टानं एकटीच राहशील. इथं संग्राम आहे, सून आहे."

"म्हणजे तुमचं मरायचं ठरलं, मी कुठं राहायचं तेही ठरलं. मला विचारायची गरजच काय!" बोलता बोलता त्यांना रडू फुटलं. "दर आठवड्याला मी जाऊबाईंना फोन करते, अंगणातल्या तुळशीला पाणी घाला, येतेच म्हणून. काय हसत असेल ती मला!"

त्यानंतर आठ दिवस त्या नवऱ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. गोळ्या वेळेवर हातावर ठेवत, पथ्याचं जेवण पुढं करत, पण बोलणं नाही. संग्राम मध्ये पडायला आला, त्यालाही त्यांनी परतवून लावलं.

नवव्या दिवशी रणजीत पडदे घेऊन आला. ड्रिलचं पहिलं भोक पडलं तेव्हा बाईंनी डोळे मिटून घेतले. चार पडदे लागले. दिवाणाजवळचा मोठा तेवढा राहिला. दिवाणाच्या एका टोकाला गुलाबरावांची उशी, दुसऱ्या टोकाला बाईंची.

"डोरी किस तरफ रखूं?" रणजीतनं विचारलं. "जो रोज खींचेगा, उसके हाथ के पास लगा देता हूं."

"माताजी की तरफ," गुलाबराव लगेच म्हणाले. "आगे तो इनको ही..." वाक्य त्यांनी तिथंच सोडलं.

बाई ताडकन उठल्या. "काही नको! दोरी तुमच्याच उशाशी. रोज दुपारी तुम्हीच ओढायची. गाव घेतलंत ना माझं? मग आता जगून दाखवा!"

रणजीतला काही कळलं नाही. ड्रिल हातात धरून तो दोघांकडे बघत राहिला.

"इनकी तरफ लगाओ, भैया," बाई म्हणाल्या.