सिस्टरच्या पाकिटांवरची चर्चं

टपालाची तिकिटं जमवणाऱ्याचं एक बरं असतं, जास्तीची तिकिटं अदलाबदलीत देऊन टाकता येतात. किश्श्यांचं तसं नाही. ते घरातच राहतात आणि पाहुणा आला की बाहेर येतात.

हे पन्नास-साठच्या दशकातले, अमरावतीच्या आमच्या मंडळातले. मंडळ कसलं, तिघंच जण. मी कचेरीतला कारकून, वानखडे गुरुजी चित्रकलेचे मास्तर आणि युसूफभाई बाइंडर. दर रविवारी युसूफभाईंच्या दुकानात बसायचो. धारणीकडच्या एका मिशन दवाखान्यातल्या बेल्जियमच्या सिस्टर तिथं पेशंटची रजिस्टरं बांधून घ्यायला येत. येताना घरच्या पत्रांची पाकिटं आणत. त्यांवरच्या तिकिटांवर बहुतेक चर्च नाहीतर यात्रा. आम्ही तिघंही कधी चर्चमध्ये गेलेलो नव्हतो, त्यामुळं चौकशा फार.

*

एकदा फ्रान्समधल्या लूर्दचं तिकीट आलं. तिथल्या झऱ्यावर आजारी माणसं बरी व्हायला जातात, असं सिस्टरनी सांगितलं.

युसूफभाईंनी विचारलं, "तुम्ही खुद दवाखाना चालवता. पेशंटले तिकडं पाठवान का?"

सिस्टर मराठी शिकल्या त्या मेळघाटातल्या पेशंटांकडून. म्हणाल्या, "आधी गोळी घे म्हनीन. मंग जा."

युसूफभाई म्हणाले, "आमच्या दर्ग्याचे मुजावर बी हेच सांगतेत."

*

माझी आई महानुभाव पंथाची, रिद्धपूरला नेमानं जाणारी. एका मोठ्या चर्चपुढची यात्रेची गर्दी तिनं तिकिटावर बराच वेळ न्याहाळली.

"एवढी माणसं येतेत, त्यायच्या जेवणाचं काय?"

मी रविवारी सिस्टरना विचारलं. त्या म्हणाल्या, "सूप भेटते. पातळ असते."

आईनं ते ऐकून घेतलं आणि अल्बम मिटला. "मंग आपलं रिद्धपूरच बरं."

*

अकोल्याचे एक वकील पत्रानं आमच्याशी अदलाबदल करत. त्यांना आम्ही स्पेनच्या यात्रेकरूचं तिकीट पाठवलं. उलट टपाली प्रश्न आला, "हा टोपीला शिंपला काहून लावते?"

सिस्टरनी सांगितलं, तिथली यात्रा समुद्राजवळ संपते. परत येताना शिंपला आणला की माणूस खरंच पोचला होता, हे गावाला पटतं.

आम्ही तसं कळवलं. वकिलांचं कार्ड आलं, "पुरावा सोबत घेऊन फिरणारा पक्षकार मले उभ्या जन्मात भेटला नाही."

*

वानखडे गुरुजींनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली. ते म्हणायचे, "आत कोण बसलं आहे त्याच्याशी मले घेणं नाही. भिंत उभी कशी राहिली ते सांगा."

त्यांनी एका तिकिटावरून वर्गातल्या फळ्यावर चर्च काढलं. एक मनोरा उंच, दुसरा बुटका. नेमके त्याच दिवशी इन्स्पेक्टर आले आणि म्हणाले, "मास्तर, चित्र चुकलं."

गुरुजींनी खिशातून तिकीट आणि भिंग काढून पुढं ठेवलं. "साहेब, इमारतच तशी आहे."

साहेबांनी पाच मिनिटं पाहिलं. मग हळूच विचारलं, "याचा दुसरा नग आहे का?"

पुढल्या रविवारी ते दुकानात हजर.

*

युसूफभाईंना एकदा जुन्या पाकिटांच्या गठ्ठ्यात बेल्जियमचं एक तिकीट सापडलं. त्यावर लहानसं चर्च, शेजारी घरांची ओळ. सिस्टरनी ते हातात घेतलं आणि उजेडाकडं धरलं.

"हे आमच्या गावचं. लढाईत बॉम्ब पडले. चर्च गेलं, गल्ली गेली. आमचं घर याच गल्लीत होतं."

गुरुजींनी तिकीट मागून घेतलं. भिंग लावून महिनाभर खपले आणि मोठ्या कागदावर चर्च, घरं, खिडक्या सगळं पेन्सिलीनं उतरवलं. सिस्टर रजिस्टरं न्यायला आल्या तेव्हा आम्ही चित्र समोर धरलं.

त्या चित्राजवळ गेल्या. कडेच्या घराच्या खिडकीवर बोट ठेवून म्हणाल्या, "गुरुजी, हे चुकलं. ही उघडी काढली तुमी. आई शेतात जाताना बंद करून जाये."

"तिकिटात उघडीच आहे," गुरुजी म्हणाले आणि त्यांनी भिंग पुढं केलं.

सिस्टर तिकिटावर वाकल्या.

मग भिंग खाली ठेवत म्हणाल्या, "उघडीच हाय. मंग आई घरी हाय."