हस्कीचं बारसं

आमच्या घरात कुत्रं आलं ते मला न विचारता आलं, हे आधीच सांगून ठेवतो. माझा मेहुणा पुण्यात राहतो. त्यानं हौसेनं हस्कीचं पिल्लू घेतलं. पिल्लू भुंकेना, नुसतं मान वर करून गळा काढायला लागलं. सोसायटीवाल्यांनी तक्रार केली, तसा हा पठ्ठ्या त्याला एसीच्या गाडीत घालून थेट कोल्हापुरात, आमच्या दारात. फेब्रुवारी संपत आलेला. "दाजी, तुमच्याकडं अंगण आहे," म्हणाला.

"अरे, हे बर्फातलं जनावर! ह्याला मी काय पन्हाळ्यावर खोली घेऊन देऊ?" मी चिडलो. पण तेवढ्यात माझी नऊ वर्षांची पोरगी अंगणात आली, पिल्लानं निळ्या डोळ्यांनी तिच्याकडं बघितलं, आणि विषय संपला. माझा राग घरात कुणी मोजत नाही. मेहुणा चहा घेऊन गेला, कुत्रं राहिलं.

आता नावाचं आलं. मेहुण्यानं ठेवलेलं नाव इंग्रजी होतं आणि ते बोलताना माझ्या आईची कवळी हलायची, म्हणून ते पहिल्याच दिवशी बाद. बायको म्हणाली बर्फी. दूधवाला म्हणाला, "ह्याचं नाव फेस ठेवा की! ताज्या धारेवर येतोय तसा पांढरा हाय." शेजारी एक म्हातारे वस्ताद राहतात, जन्म तालमीत गेलेला. त्यांनी पिल्लाचे पंजे दाबून बघितले, मान हलवली आणि म्हणाले, "हिंदकेसरी. दुसरं न्हायच." गल्लीत येणारा जाणारा थांबायचा, "लांडगा हाय व्हय ओ पावणं?" म्हणायचा आणि एक नाव देऊन जायचा.

पोरीनं वही केली. अंगणाच्या टोकाला उभी राहून ती एकेक नाव तीनतीनदा हाकारायची आणि पुढं फुली मारायची. कुत्रं न्हाणीघराच्या गार फरशीवर पोट टेकून पडलेलं असायचं. कानसुद्धा हलवायचं नाही. एकदाच ताडकन उठलं, धावत आलं, तर बायकोनं बर्फासाठी फ्रीज उघडला होता. "मग फ्रीजच ठेवा नाव," मी म्हणालो. कुणी हसलं नाही. पोरीनं फ्रीजपुढं बरोबरची खूण केली आणि परत खोडली.

असे पंधरा दिवस गेले. एके संध्याकाळी वही मिटून तिनं विचारलं, "पप्पा, माझं नाव कुणी ठेवलं?"

बायकोनं माझ्याकडं बघितलं. मी कुत्र्याकडं बघितलं.

"मावशीनं," बायको म्हणाली.

"का? नाव तर आत्या ठेवते. आमच्या वर्गात सगळ्यांची आत्यानं ठेवलीत."

हे मी नऊ वर्षं टाळत आलो होतो. पण पोरीनं असं सरळ विचारल्यावर काय करणार? सांगितलं.

माझी थोरली बहीण, आमची अक्का, हुपरीला दिलीय. चांदीचं काम घरातच चालतं. पैंजणांना घुंगरं जोडायचं काम तिच्या हातात. माझ्या बायकोला दिवस गेले तेव्हापासून अक्का बाळाचं नाव शोधत होती. आम्ही कितीदा विचारलं, "सांग की!" तर म्हणायची, "आधी बाळाच्या कानात, मग जगात." बारशाच्या दिवशी ती हुपरीहून बसनं निघाली आणि बस वाटेत बंद पडली. इकडं पंचांगातली वेळ टळत चाललेली, पाहुणे घड्याळ बघायला लागलेले. मी तेव्हा आत्तापेक्षाही तापट. "उरका!" म्हणालो आणि मेहुणीला पाळण्यापुढं मीच ढकललं. सगळं होऊन पंगत बसली आणि अक्का दारात आली. हातात स्वतः जोडलेले पैंजण. पाळण्याला लावलेलं नाव तिनं वाचलं. पैंजण पोरीच्या पायात घातले, आईच्या पाया पडली आणि पाणीसुद्धा न पिता पुढच्या बसनं गेली.

भांडली असती तर बरं झालं असतं. भांडण मला जमतं. पण अक्का भांडली नाही. भाऊबीजेला मी गेलो की ओवाळायची, आणि ज्या तोंडानं लहानपणी "ए बाजीरावा" म्हणायची त्याच तोंडानं "या, बसा" म्हणायची. आमच्या घरात लग्नकार्य असलं की यायची आणि उभ्याउभ्या जायची. आणि माझ्या पोरीला तिनं एकदाही नावानं हाक मारली नाही. "पोरी" म्हणायची, "बाळा" म्हणायची, माया भरपूर करायची, पण ते नाव तिच्या तोंडातून कधी आलं नाही. मला ते दर वेळी टोचायचं. माझी अक्का मला परत पाहिजे होती, आणि माफी कशी मागायची ते मला ठाऊक नव्हतं.

पोरीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मग ह्याचं नाव आत्याच ठेवणार. आपण बारसं करू."

"कुत्र्याचं बारसं? लोक हसतील."

"हसू देत. फोन करायचा नाही. बोलवायला जायचं. मी पण येतो." आमच्याकडं पोरी-बायका पोरासारखंच 'येतो, जातो' म्हणतात.

दुसऱ्या दिवशी मोटारसायकलवर आम्ही दोघं हुपरीला. अक्का बाहेरच्या सोप्यात मांडीवर फडकं घेऊन बसलेली, हातात बारीक चिमटा, समोर ताटलीत घुंगरं. मला बघून म्हणाली, "या, बसा." मी बसलो. पोरगीच म्हणाली, "आत्या, आमच्याकडं रविवारी बारसं हाय."

अक्काचा चिमटा थांबला. "कुणाचं गं?"

"कुत्र्याचं."

मला वाटलं, आता मेलो. पोरीच्या वेळी हिला डावललं आणि आता कुत्र्याचं नाव ठेवायला बोलवायला आलो! ह्याच्यापेक्षा मोठा अपमान ठरवून केला असता तरी जमला नसता. आत तिची सासू फिसकन हसली. अक्का हसली नाही. माझ्याकडं बघत म्हणाली, "कुत्र्यासाठी मी घावलो व्हय तुम्हाला?"

मी तोंड उघडलं, पण पोरगी पुढं सरकली. "आत्या, पंधरा दिवस झालं, बिननावाचा हाय तो. तुझ्याशिवाय कुणी ठेवायचं न्हाई म्हणून थांबलोय."

खरं तर थांबायचं आम्ही कालच ठरवलं होतं. पोरगी माझीच.

"किती दिस थांबशीला?" अक्कानं विचारलं.

"तू येईस्तोवर."

अक्कानं एक घुंगरू उचललं, कडीत अडकवलं, चिमट्यानं दाबलं. मग म्हणाली, "रविवारी बघू. बसचं काय खरं नसतंय."

"मी न्यायला येतो," मी म्हणालो.

"नको. बसनंच येणार."

रविवारी सकाळी अकराची वेळ ठरली. बायकोनं घुगऱ्या शिजवल्या. पोरीनं माळ्यावरून स्वतःचा पाळणा काढायला लावला. कुत्रं त्यात मावेना. पुढचे पाय आणि तोंड आत, मागचं सगळं बाहेर. वस्ताद इस्त्रीचा फेटा बांधून आले. गल्लीतल्या दहा-बारा बायका नुसती गंमत बघायला आल्या. अकरा वाजले, साडेअकरा झाले, बारा वाजले. अक्काचा पत्ता नाही. फोन लावला तर उचलेना.

घुगऱ्या गार झाल्या. कुत्रं पाळण्यात तोंड घालून गळा काढायला लागलं. एक बाई म्हणाली, "उरकून घ्या की, कुत्र्याला कसला आलाय मुहूर्त!" वस्ताद म्हणाले, "हिंदकेसरी म्हणा आणि सोडा विषय." बायकोनं माझ्याकडं बघितलं. पोरगी तर नुसती माझ्या तोंडाकडं बघत उभी.

माझं डोकं तापलं होतं, खोटं कशाला सांगू. पण ह्या वेळी ते कामाला आलं. मी अंगणाच्या मध्ये उभा राहून ओरडलो, "अक्का आल्याबिगर ह्या घरात नाव ठेवायचं न्हाय! संध्याकाळ झाली तरी न्हाय! ज्याला घाई हाय त्यानं घुगऱ्या घ्याव्यात आणि जावं!"

कुणी हललं नाही. आणि फाटकाबाहेरून आवाज आला, "केवढ्यानं बोंबलतोयस रं बाजीरावा? कोपऱ्यापर्यंत ऐकू आलं."

अक्का! हातात पिशवी, पदर खोचलेला.

"बसला उशीर झाला?" मी विचारलं.

"बस येळंवर आलती. मी दीड तास कोपऱ्यावर रसवंतीत बसलोतो. दोन गिलास रस प्यालो." तिनं चपला काढल्या. "म्हटलं, बघावं तरी, थांबताय का उरकताय."

सगळ्या बायका हसायला लागल्या. मीही हसलो. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं ते मी उपरण्याला पुसलं, आणि बायकोनं ते बघितलं.

अक्का पाळण्यापाशी बसली. कुत्र्याचा कान धरून तोंड जवळ नेलं, "कुर्रर्र..." म्हणाली, आणि बायकांनी रीतीप्रमाणं तिच्या पाठीत धपाधप बुक्क्या घातल्या. अक्कानं कानात नाव सांगितलं आणि कुत्र्यानं असा लांबलचक सूर लावला की वस्तादांचा फेटा हलला.

"घुंगरू," अक्का म्हणाली. "दिसतंय केवढं आणि आवाज केवढा करतंय बघा." पिशवीतून तिनं चांदीचं एक घुंगरू काढलं आणि त्याच्या पट्ट्याला चिमट्यानं जोडून दिलं. पोरगी अंगणाच्या टोकाला पळाली आणि ओरडली, "घुंगरू!" आणि ते उठून तिच्याकडं गेलं की! आता तिच्या मुठीत घुगऱ्या होत्या हे खरं. पण वहीत तिनं बरोबरची खूण केली आणि ती आजवर खोडलेली नाही.

नऊ वर्षांनी अक्का आमच्याकडं पाटावर बसून जेवली. दोनदा भात मागून घेतला. आई तिच्या शेजारी बसून नुसती तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. जेवणं झाल्यावर पोरगी तिच्या मांडीवर जाऊन बसली, एवढी मोठी घोडी, आणि म्हणाली, "आत्या, माझं काय नाव ठरवलं होतंस?"

अक्कानं माझ्याकडं बघितलं. मग पोरीचे केस बाजूला केले, तिच्या कानाशी वाकली आणि म्हणाली, "कुर्रर्र..."

बुक्क्या घालायला बायका नव्हत्या, सगळ्या आपापल्या घरी गेल्या होत्या. म्हणून मीच मागं गेलो आणि माझ्या बहिणीच्या पाठीत हळूच एक बुक्की घातली. ती हसत होती, ते मला तिच्या पाठीवरून कळलं.

काय नाव ते पोरगी मला सांगत नाही. अक्का हल्ली दर पंधरा दिवसांनी येते, घुंगरूला बर्फ चारते आणि जाताना पोरीच्या कानात काहीतरी म्हणून जाते. मी किती विनवण्या केल्या, आइसक्रीमचं आमिष दाखवलं, रागावून बघितलं. पोरगी ढिम्म. म्हणते, "पप्पा, तुम्ही तेव्हा थांबला न्हाईसा. आता थांबा."