लाल गाडीला टर्बो

लातूरच्या एमआयडीसीत गुंडप्पा मिस्त्रीचं गॅरेज कुठं आहे असं कुणालाही विचारा, तो बोट दाखवायच्या आधी हसेल. कारण या गुंडप्पानं आजवर कुणाला नाही म्हटलेलं नाही. बोअरवेलच्या गाडीचं इंजिन पुरात बुडून आलेलं असो की ट्रॅक्टरच्या क्रँकचे तुकडे पोत्यात घालून आणलेले असोत, गुंडप्पा डोकं खाजवणार, कपाळावरच्या भस्माला ग्रीस लागणार नाही एवढं बघणार आणि म्हणणार, "हुईल की." आणि व्हायचंही, म्हणून ही खोड गुणात जमा झाली. घरी कमलम्माचं मत वेगळं होतं. गल्लीतले मिक्सर, मठाची पाण्याची मोटार, कुणाच्या भाच्याची मोटारसायकल, सगळं हिच्याच नवऱ्याच्या गळ्यात. "तुमच्या तोंडात न्हाई हा शब्दच घातला न्हाई देवानं," असं म्हणत ती डबा भरायची. डब्यात भाकरी मात्र दोन जास्तीच्या असायच्या, कारण हा माणूस गिऱ्हाइकालाही जेवायला बसवतो हे तिला ठाऊक होतं.

गुंडप्पा मूळचा उदगीरकडचा. मिसरूड फुटायच्या आत लातूरला आला तो डिझेलच्या वासातच मोठा झाला. इंजिन चालू ठेवून तो तेलाचं झाकण काढायचा आणि त्या भोकावर तळहात धरायचा. आतून येणारी वाफ हाताला कशी लागते त्यावरून पिस्टन शाबूत आहेत का ते सांगायचा. नाडी बघणारा वैद्य जसं तोंड करतो तसं त्याचं तोंड व्हायचं, आणि गिऱ्हाईक उगाच घाबरायचं.

टर्बोत तर त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात जादा हवा कोंबतो, इंजिन जादा जोर काढतं. आसपासच्या कितीतरी म्हाताऱ्या ट्रॅक्टरांना गुंडप्पानं असे पंखे बसवून पुन्हा तरुण केलं होतं. "हवेनं कुनाचं वाईट होत न्हाई," हे त्याचं ठरलेलं वाक्य. डिझेलपुरतं ते बरंचसं खरंही होतं.

आता अण्णाराव. हा मुरुडचा शेतकरी, गुंडप्पाचा जिवलग. दोघांची गाठ पडली ती अण्णारावच्या पहिल्या ट्रॅक्टरपायी, आणि तेव्हापासून अण्णारावच्या कुठल्याही वाहनाला दुसऱ्या मिस्त्रीचा हात लागलेला नाही. उतारवयात या गृहस्थानं हैदराबादेतल्या एका डॉक्टरकडून जुनी स्पोर्ट्‌स कार उचलून आणली. लाल, बसकी, दोन दारं, दोनच माणसांना जागा. बायको तुळजाबाई एकदाच बसली आणि उतरताना तिला दोघींनी ओढून काढावं लागलं. "बसायची गाडी हाय का लोळायची," म्हणून तिनं तोंड फिरवलं. लेक ऋतुजा मात्र गाडीवर जीव टाकायची. रविवारी बाप-लेक मुरुडहून लातूरला यायचे, गुंडप्पाच्या दारात गाडी लावायचे आणि कमलम्माच्या हातचं जेवून परत जायचे.

ऋतुजाचं लग्न नांदेडला ठरलं. त्याच भानगडीत सगळं बिनसलं. बोलणी करून येताना लोह्याच्या अलीकडं मागून व्याह्यांची मोठी पांढरी गाडी आली, तिनं हॉर्न मारला आणि लाल गाडीला सहज मागं टाकून निघून गेली. व्याही बिचारे पोचवायला आले होते, त्यांच्या मनात काही नव्हतं. पण अण्णारावच्या ते जिव्हारी लागलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो गुंडप्पाच्या दारात हजर.

"गुंड्या, हिला टर्बो बसव. लग्नाला पोरीला मी सोता ह्याच गाडीतनं नेनार. बघू कोन म्होरं जातंय."

गाडी पेट्रोलची. गुंडप्पाचा हात डोक्याकडं गेला, क्षणभर तिथंच थांबला. मग तो म्हणाला, "हुईल की."

पलीकडच्या गल्लीत चन्नबसप्पा नावाचा पेट्रोलगाड्यांचा मिस्त्री होता. दोघं रोज एकाच टपरीवर चहा प्यायचे आणि रोज एकमेकांची खेचायचे. त्यानं ऐकलं आणि कप खाली ठेवला. "यप्पा, डिझेलात नुसती हवा दबती, तेल मागनं येतंय. पेट्रोलात हवा न् पेट्रोल संगंच दबतंय. हे इंजिन कंपनीतनंच गच्च दाबून देलेलं हाय. तू आनिक दाबलास तर ते ठिनगीची वाट बघनार न्हाई. आपल्या आपून पेटंल आन पिस्टनला हातोडे हाणंल."

"तू स्कूटरची घंटी बघ," गुंडप्पा म्हणाला, आणि टपरीवरचे सगळे हसले. चन्नबसप्पाही हसला. तो हसला म्हणून गुंडप्पाला वाटलं, विषय संपला.

भंगारातल्या एका डिझेल गाडीचा टर्बो निघाला. गुंडप्पानं नळकांडी वाकवली, जोड वेल्ड केले, पेट्रोल जादा जावं म्हणून पंपही मोठा बसवला. जानेवारीतल्या एका सकाळी, ज्वारीच्या पिकावर धुकं असताना, तो आणि अण्णाराव चाचणीला निघाले. मुरुडच्या रस्त्यावर अण्णारावनं पाय दाबला आणि गाडी अशी सुटली की त्याचा रुमाल मागं उडाला. अण्णाराव हसत होता, डोळ्यांतून पाणी गळत होतं. मित्राला इतकं खूश गुंडप्पानं कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं. आपण हे केलं, या विचारानं त्याची छाती फुगली. ते साहजिकच होतं. फक्त एवढंच झालं की त्यानं मराठवाड्यातल्या गाडीची परीक्षा थंडीतल्या पहाटे घेतली.

मे उजाडला. लग्न तोंडावर आलं. ऑइल बदलायला म्हणून गुंडप्पा मुरुडहून गाडी घेऊन एकटाच लातूरकडं निघाला. भर दुपार, रस्त्यावर डांबर पाझरत होतं. पुलाच्या चढावर त्यानं पाय जरा दाबला आणि इंजिनातून आवाज आला. कढईत हरभरे तडतडावेत तसा, बारीक. दुसऱ्या कुणाला तो ऐकूही आला नसता. गुंडप्पानं पाय उचलला, आवाज बंद. पुन्हा दाबला, पुन्हा तडतड. तिथून पुढं त्यानं गाडी रांगतच आणली.

गॅरेजात येऊन त्यानं प्लग काढले. पांढऱ्या चिनीमातीवर चंदेरी ठिपके होते. ॲल्युमिनियम. म्हणजे पिस्टन आतून थोडे थोडे विरघळत होते. त्यानं दुसरे प्लग लावून इंजिन चालू केलं आणि तेलाच्या भोकावर तळहात धरला, तर वाफेचे फटकारे बसायला लागले.

ठिपके पडलेला एक प्लग मुठीत धरून तो चन्नबसप्पाकडं गेला. चन्नबसप्पानं प्लग उजेडात धरला, फिरवून पाहिला. चेष्टा करायला याहून चांगला मोका त्याला जन्मात मिळाला नसता, पण तो तसलं काही बोलला नाही. "थंडीत हवा गार होती, खपून गेलं. आता हवाच चुलीतनं यायलीय," तो म्हणाला. "एका पिस्टनची कड गेलीय गुंडप्पा. हळू चालवली तर तग धरंल. एकदा पाय दाबला की फुटंल, आन फुटलं की ह्या गाडीला दुसरं इंजिन देशात मिळायचं न्हाई."

"आन भर वेगात फुटलं तर?"

चन्नबसप्पानं प्लग पुसून त्याच्या हातात परत ठेवला. गाडीत ऋतुजा बसणार आहे हे त्यालाही माहीत होतं.

त्या दिवशी गुंडप्पानं जादा हवेची झडप तारेनं उघडी बांधून टाकली, म्हणजे टर्बोनं फुंकलं तरी इंजिनापर्यंत जोर पोचू नये. गप्प बसता आलं असतं. कुणाला काय कळणार होतं? पण अण्णारावला कळल्याशिवाय राहणार नव्हतं. गाडी धावेना म्हटल्यावर तो बॉनेट उघडणार, तार दिसली की सोडणार, आणि तार नाही सोडली तरी पाय मुळापर्यंत दाबणार. पोरीला शेजारी बसवून. रात्री गुंडप्पानं ताट बाजूला सारलं आणि कमलम्माला सगळं सांगितलं.

"सांगून टाका की," कमलम्मा म्हणाली.

"त्यो माझं तोंड बघनार न्हाई पुना."

"नको बघंना. पोर तर दिसंल सगळ्यांला."

मुरुडला अण्णारावच्या दारात मांडव पडला होता, बायका शेवया करत बसल्या होत्या. गुंडप्पानं गाडी लावली आणि सगळ्यांसमोरच बोलून गेला, कारण आडोशाला गेलो तर आपली जीभ फिरेल हे तो ओळखून होता. "आण्णा, ही गाडी तू चालवायची न्हाई. माझं चुकलं. डिझेलचं डोकं पेट्रोलात चालवलो मी. इंजिन आतनं गेलंय. ऋतुजाला हिच्यातनं न्यायची न्हाई."

अण्णारावला आधी वाटलं, चेष्टा आहे. मग चेहरा उतरला, मग लाल झाला. "साऱ्या गावाला सांगून बसलोय मी! तवा हुईल म्हणलास, आता न्हाई म्हणायलास? तुझ्या भरवशावर बोललो ना मी?"

"हाव. माझ्याच भरवशावर बोललास."

"मग जा तू," अण्णाराव म्हणाला आणि त्यानं किल्ली हिसकावून घेतली. तुळजाबाई चहा घेऊन येईपर्यंत गुंडप्पा फाट्यावर जाऊन एसटीची वाट पाहत उभा होता.

त्यानंतर अण्णारावचा फोन आला नाही. गुंडप्पाला मित्र गेल्याचं दुःख होतं, पण ते त्याला सोसलं असतं. गाडी अजून चालण्याजोगी होती आणि किल्ली अण्णारावकडं होती, हे मात्र त्याला सोसत नव्हतं. लग्नाच्या सकाळी तो भस्म लावून नुसताच बसून राहिला. कमलम्मानं इरकल नेसली, त्याच्या पुढ्यात धुतलेला सदरा टाकला आणि म्हणाली, "उठा. लगीन ऋतुजाचं हाय, त्याचं न्हाई."

मुरुडला पोचले तेव्हा दुपार झाली होती. लग्न संध्याकाळचं होतं, वऱ्हाडाचा टेम्पो भरला होता. लाल गाडी हार घालून उभी होती आणि ऋतुजा शालू सावरत आत बसली होती. तिच्या शेजारची, चालवणाऱ्याची जागा रिकामी होती. गाडीला टेकून फेटा बांधलेला अण्णाराव उभा. गुंडप्पाला बघून त्यानं किल्ली पुढं केली. तोंड दुसरीकडंच होतं.

"तू चालव. माझा पाय दबल्याबिगर ऱ्हायचा न्हाई."

एवढं बोलून तो टेम्पोत चढला आणि तुळजाबाईच्या शेजारी, ताटं आणि परातींच्या मध्ये जाऊन बसला.

गुंडप्पानं गाडी अशी चालवली की रस्त्यावरच्या म्हशीसुद्धा वळून बघत होत्या. काचा खाली, कान इंजिनाकडं, पाय कापसावर ठेवल्यासारखा. लातूर सुटेपर्यंत ऋतुजा रडत होती. चाकूरला तिनं उसाचा रस मागितला आणि शालूवर सांडवला. मग जी बोलायला लागली ती थांबेचना. लहानपणी ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून झोपली होती ते, पहिल्यांदा या गाडीत बसली तेव्हा बाबांनी सगळ्या गावातून तीन फेऱ्या मारल्या ते, नांदेडला आपल्याला करमेल की नाही ते. अहमदपूरच्या पुढं तिचा डोळा लागला आणि डोकं दारावर आपटू नये म्हणून गुंडप्पानं खांद्यावरचा टॉवेल तिच्या बाजूला सरकवला. आवाज एकदाही आला नाही. लोह्याजवळ व्याह्यांची पांढरी गाडी सामोरी आली, वळली, हॉर्न मारून पुढं निघाली. गुंडप्पानं हात बाहेर काढून तिला खुशाल वाट दिली.

नांदेडच्या मंगल कार्यालयासमोर वाजंत्री सुरू झाली. बायकांनी ऋतुजाला उतरवून आत नेलं. व्याही हात जोडून पुढं आले, त्यांना नमस्कार करून अण्णाराव सरळ गाडीकडं आला. दार उघडून लेकीच्या जागेवर, अवघडत, गुडघे पोटाशी घेऊन बसला आणि दार लावून घेतलं.

"शर्यतीचं नुसतं तोंडानं म्हणत हुतो रं," अण्णाराव म्हणाला. "मला तिच्याशेजारी बसून यायचं हुतं. येवढंच हुतं." त्याच्या गालावरून पाणी ओघळलं आणि त्यानं ते पुसलं नाही. मग त्यानं गुंडप्पाच्या मनगटाला धरलं. "गुंड्या, काय बोलली रं ती वाटंत?"

कार्यालयातून वधूपित्याच्या नावाचा पुकारा सुरू झाला होता. गुंडप्पानं इंजिन बंद केलं आणि मुरुडच्या वेशीपासून सुरुवात करून पोर काय काय बोलली ते सांगायला लागला.